स्टिकर नव्हे, ओतीव आकडे वाचा

मिशिगनमध्ये नोकरी सांभाळून दर शनिवारी मी जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात हाताखाली राबू लागलो, तेव्हा माझ्या वाट्याला आलेले शेव्हरलेचे पहिले इंजिन ३५० घनइंचाचे असल्याचे त्याच्या एअर क्लीनरवरचे स्टिकर सांगत होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, मागच्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूस, ३९७००१० हा ओतीव क्रमांकही सापडला. पण हाच ब्लॉक ३०२, ३२७ आणि ३५० या तिन्हींसाठी वापरला गेला, कारण तिन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंचच आहे. फरक आहे तो स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या चालीचा, अनुक्रमे ३, ३.२५ आणि ३.४८ इंचांचा. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवून पिस्टनची चाल मोजली, तेव्हा ते ३२७ निघाले.

त्यानंतर मी उजव्या हेडच्या पुढे, बहुधा आल्टर्नेटरच्या आड दडलेला, सपाट पट्टा आधी पुसू लागलो. तेथे ठोकलेले पहिले अक्षर कारखान्याचे असते (व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा), मग महिना व दिवस, आणि शेवटी इंजिन कोणत्या गाडीसाठी जुळवले हे सांगणारी अक्षरे. वर्ष मात्र तेथे नसते, ते ब्लॉकवरच्या ओतीव तारखेवरून काढावे लागते. पट्ट्यावर मूळ यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा दिसत नसतील, तर आकडे घासून नव्याने ठोकले असल्याची शंका घ्यावी, कारण मूळ इंजिन असलेल्या गाडीची किंमत पुष्कळ चढते.

ट्यूनिंगमध्ये क्रम चुकवू नये. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा) ड्वेल, म्हणजे तो मिटलेला राहण्याचा कोन, आधी ३० अंशांच्या आसपास आणावा, कारण तो बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकते, टायमिंग त्यानंतर. मी येथेच फसलो. टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) ८ अंश अगदी नेमके दिसत होते, तरी चढावर इंजिन नॉकिंग (आत ठोके पडल्यासारखा आवाज) करी, आणि मी दोन शनिवार कार्ब्युरेटरला दोष देत बसलो. प्रत्यक्षात बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, कंप शोषणाऱ्या चाकाची) बाहेरची कडी आतल्या रबरावरून घसरली होती व तिच्यावरची खूणच खोटी झाली होती. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट बसवून क्रँक हाताने दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवावा आणि दर वेळी बॅलन्सरवर खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हाच खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याचा बिंदू, होय. मग व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या निर्वातावर ठिणगी आधी पाडणाऱ्या भागाची) नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या सुमारास एकूण ३४ ते ३६ अंश मिळतात का, ते पाहावे.

फोर्डकडे वळल्यास डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, आणि त्या काळच्या ३०२ व ३५१ विंडसर या भावंडांचा फायरिंग ऑर्डरसुद्धा (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) एक नाही. वायरी पाठ करून जोडू नयेत.

कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. इंजिन पूर्ण तापल्यावर व्हॅक्यूम गेज लावून मिश्रणाचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवावेत, काटा सर्वाधिक व स्थिर राहील तेथे थांबावे, आणि मग आयडलचा, म्हणजे गाडी उभी असतानाचा, इंजिनाचा वेग पुन्हा जागेवर आणावा.