आजी-आजोबांना बोलून टायपिंग कसं शिकवायचं (तब्येतीच्या नोंदींसाठी)

आधी फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा ॲड करा, जीबोर्डमध्ये (गूगलचा कीबोर्ड) मराठी व्हॉइस टायपिंग, म्हणजे बोललेलं आपोआप टाइप होणं, आहे, आणि माइकचं बटण कुठंय ते त्यांच्याच बोटाने दोन-चारदा दाबून घ्या, आपण दाबून दाखवलं की लक्षात राहत नाही. टीव्ही, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. कवळी असेल तर लावूनच बोलायचं, नाहीतर शब्द फार चुकतात.

खरा त्रास होतो तो थांबण्याचा. म्हातारी माणसं आठवत आठवत बोलतात, मधे जरा गॅप पडला की फोनला वाटतं बोलणं संपलं आणि माइक बंद होतो, मग ती बिचारी आपलंच चुकलं समजतात. त्यांना सांगा की एकावेळी एकच छोटं वाक्य, "सकाळपासून चक्कर येतेय", मग परत माइक. ओरडायची गरज नाही, नेहमीच्या आवाजात बोला.

औषधाचं नाव आणि डोस मात्र बोलून लिहिलेलं तसंच पाठवू नका प्लीज, सारख्या उच्चाराची औषधं असतात, "पन्नास"चं "पंधरा" झालं तर धोका आहे, गोळीच्या पाकिटाशी ताडून बघा किंवा सरळ पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठवा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर टाइप करत बसायचं नाही, लगेच फोन.