सें-ज्यूलियांचे १९९६ : एका हंगामाची वाइन चाखायला शिकताना

बोर्डो हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो वाइनमुळे नव्हे. निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत डाऊनी या वेलींच्या रोगाच्या भीतीने मोरचूद आणि चुना कालवून जे निळसर मिश्रण फवारले जाई, त्याला घरात सगळे ‘बोर्डो’ म्हणत आणि ते फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे याची कोणाला फिकीर नव्हती. पुढे वाइन चाखण्याचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी मी त्या शहरात एक वर्ष राहिले, तेव्हा कळले की या मिश्रणाचा उगम शहरात नसून तिथून उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, मेदोक भागातील सें-ज्यूलियां या लहानशा गावात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून तिथल्या द्युक्रू-बोकायू या मळ्यात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आले की इतर वेलींची पाने डाऊनीने झडली असताना नेमक्या याच वेलींवर पाने टिकून आहेत, आणि १८८५ मध्ये त्यांनी या मिश्रणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मला चाखायला शिकवले तेही याच गावाने, १९९६ च्या तीन बाटल्यांतून.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या, म्हणजे वाइनरीत, हॉटेलात किंवा आयातदाराकडे काम करण्याची इच्छा असलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची पहिली समजूत माझ्यासारखीच असते, की चाखणारा म्हणजे पेल्यात नाक घालून दहा-बारा फळाफुलांची नावे सांगणारा माणूस. माझ्या पहिल्या लेखी परीक्षेत मी एका लाल वाइनविषयी अकरा वास नोंदवले होते. शिक्षिकेने त्या सगळ्यांवर एक आडवी रेघ ओढली आणि समासात तीन प्रश्न लिहिले: आम्लता किती, तुरटपणा कसा, चव किती वेळ टिकली? या तिन्हींविषयी माझ्या कागदावर एक शब्दही नव्हता. तेव्हा मला त्या रेघेचा फार राग आला होता.

वास हा चाखण्यातला सर्वांत आकर्षक आणि सर्वांत बेभरवशाचा भाग आहे. बोर्डोच्याच संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दोनदा दिली होती, एकदा आहे तशी आणि एकदा वास नसलेला लाल रंग मिसळून. रंगवलेल्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी राखून ठेवलेले शब्द वापरले. डोळा नाकाला किती सहज फसवतो, हे त्यातून दिसले. जिभेवरची आम्लता आणि हिरड्यांवरचा तुरटपणा मात्र इतक्या सहजी हलत नाहीत, म्हणून शिकताना सांगाडा आधी आणि वास नंतर, हा क्रम मी आजही सोडत नाही.

हा सांगाडा ओळखण्याचा सराव करायला एकही बाटली विकत घ्यावी लागत नाही. एका पेल्यात पाणी आणि लिंबाचे काही थेंब, दुसऱ्यात फार वेळ उकळलेला कोरा चहा, तिसऱ्यात किंचित साखर, आणि चौथ्यात लिंबू व चहा एकत्र, एवढे पुरे. लिंबाने जिभेच्या कडांना पाणी सुटते. घोट टाकून मान खाली घातली की ते पाणी किती लवकर जमते यावरून आम्लतेचा अंदाज येतो. चहातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, म्हणून गालांच्या आतल्या बाजू कोरड्या आणि खरखरीत लागतात. आपण लहानपणापासून आवळा, जांभूळ, कच्चे केळे आणि सुपारी खात आलेलो असल्याने तुरटपणाच्या छटा आपल्याला उपजत कळतात, आणि या बाबतीत माझ्या फ्रेंच वर्गमित्रांपेक्षा मी पुढे होते असे म्हणायला हरकत नाही. जांभळाचा तुरटपणा जिभेवर पसरतो, सुपारीचा एका जागी आवळून धरतो; चांगल्या आणि ओबडधोबड टॅनिनमधला फरक जवळपास तसाच असतो. हा सराव मी तीन महिने रोज सकाळी केला. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, पोट फार भरलेले नसताना आणि सुगंधी तेल, अत्तर, मसाला चहा यांपासून दूर असताना तोंड सर्वांत शहाणे असते.

आता त्या १९९६ विषयी. फ्रान्सच्या उत्तम लाल वाइनच्या बाटलीवर जे वर्ष छापलेले असते ते द्राक्षे खुडल्याचे वर्ष असते, बाटली भरल्याचे नव्हे. सें-ज्यूलियांची वाइन त्यानंतर साधारण दीड वर्ष २२५ लिटरच्या ओक पिंपांत राहते. या गावात मुख्य वाण काबर्ने सोव्हिन्यों, त्याच्या जोडीला मर्लो आणि थोडे काबर्ने फ्रां. मर्लो लवकर पिकते, काबर्ने उशिरा. गावाची जमीन म्हणजे जिरोंद खाडीच्या काठची गोट्यांची टेकाडे, हिमयुगातील नद्यांनी पिरेनीज आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून वाहून आणलेली. बोकायू या नावाचा अर्थच ‘सुंदर गोटे’ असा आहे. आमच्याकडे मुरमाड जमिनीला जे महत्त्व, तेच तिथे या गोट्यांना, कारण निचरा उत्तम होतो, मुळे खोल जातात आणि पाऊस पडून गेला तरी मणी पाण्याने फुगून बसत नाहीत. जवळच्या खाडीमुळे वसंतातले हिमकडाकेही थोडे सौम्य होतात.

१९९६ मध्ये जूनमध्ये फुलोरा लवकर आणि एकसारखा उरकला. ऑगस्टच्या शेवटी पाऊस झाला आणि त्याचा फटका लवकर पिकणाऱ्या मर्लोला अधिक बसला. सप्टेंबर मात्र बहुतांश कोरडा, उन्हाचा, आणि रात्री थंड. ज्यांनी धीर धरला त्यांनी काबर्ने सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस खुडली. दिवसाच्या उन्हाने साखर भरली, जाड सालीचे टॅनिन पिकले, आणि थंड रात्रींनी आम्लता शाबूत राखली. म्हणूनच नदीच्या डाव्या तीरावरच्या मेदोकमधल्या काबर्नेप्रधान वाइनसाठी १९९६ हे नामांकित वर्ष ठरले, तर नदीच्या उजव्या तीरावर, जिथे मर्लोचे राज्य आहे, तिथे त्याच वर्षाविषयी लोक जपून बोलतात. ‘बोर्डोचे चांगले वर्ष’ असे मोघम बोलणाऱ्याला म्हणूनच ‘कोणत्या तीराचे?’ असा प्रश्न जरूर विचारावा. घडात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागताना, आणि काढणीच्या तोंडावर आभाळ कसे आहे यावर घराचे वर्षभराचे गणित ठरताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजायला पुस्तकाची गरज पडत नाही.

आमच्या वर्गात त्या दिवशी १९९६ च्या तीन बाटल्या झाकून ठेवल्या होत्या: लेओव्हील लास काझ, लेओव्हील प्वाफेरे आणि लेओव्हील बार्तों. मुळात ही एकच मोठी जमीनदारी. फ्रेंच राज्यक्रांती आणि त्यानंतरच्या वाटण्यांत तिचे तीन तुकडे झाले. बार्तों हे आयरिश घराणे, त्यांनी १८२६ मध्ये आपला तुकडा विकत घेतला. त्यांच्या लेओव्हीलला स्वतःचा वाडा नाही, वाइन तयार होते ती त्यांच्याच शेजारच्या लांगोआ मळ्यात. नेपोलियन तिसऱ्याच्या काळात, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी १८५५ मध्ये दलालांनी केलेल्या वर्गवारीत हे तिन्ही मळे दुसऱ्या श्रेणीत आहेत. एक वर्ष, एक गाव, एकच जुनी जमीनदारी. जो फरक जाणवेल तो मातीच्या तुकड्याचा आणि घराच्या हाताचा. एकाच मळ्याची अनेक वर्षे शेजारी ठेवून चाखण्याची पद्धतही आहे, पण नवशिक्याने एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या बाटल्यांपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, कारण हवामान स्थिर धरले की बाकीच्या गोष्टी हळूहळू दिसू लागतात.

बाटल्या तेव्हा वीस वर्षांपुढच्या होत्या. एवढ्या जुन्या लाल वाइनमध्ये रंगद्रव्य आणि टॅनिन एकत्र येऊन तळाशी गाळ बसतो, म्हणून बाटल्या आदल्या दिवशीच उभ्या करून ठेवल्या होत्या. जुने बूच ठिसूळ असते. साध्या मळसूत्राने ते मधोमध तुटते, तेव्हा दोन पातळ पात्यांचे हत्यार बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून ते हळूच फिरवत काढले. मग मानेखाली दिवा धरून वाइन एका धारेत काचेच्या सुरईत ओतली आणि गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली तशी धार थांबवली. कोवळी वाइन सुरईत तासन्‌तास ठेवता येते. जुनीचा वास उडून जातो, तेव्हा ती थोडाच वेळ ठेवावी. तापमान १६ ते १८ अंश. ‘खोलीच्या तापमानाला’ हा जुना सल्ला दगडी युरोपीय घरांचा आहे, नाशिकच्या मे महिन्यात तो पाळला तर पेल्यात नुसते अल्कोहोल नाकाला झोंबेल.

पेल्यात ५० मिलिलिटरच घ्यावी. पांढऱ्या कागदावर पेला कलता धरल्यावर मध्यभागी गडद माणकासारखा रंग आणि कडेला विटकरी छटा दिसली. ती कड जितकी रुंद, तितके वाइनचे वय पुढे गेलेले. पहिला वास पेला न फिरवता घ्यायचा, कारण ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच बिघडलेले आहे आणि पुढचे कष्ट व्यर्थ आहेत. दुसरा वास फिरवून.

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. काबर्नेच्या वर्णनात पहिला शब्द येतो तो काळ्या करंटचा, आणि ते फळ मी वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पाहिलेले नव्हते. पाठ करून तो शब्द लिहिता येतो, गुणही मिळतात, पण तो वास आपल्या डोक्यात कुठेच साठवलेला नसतो. शेवटी मी वहीची दोन पाने समोरासमोर वापरू लागले: डावीकडे माझे शब्द, उजवीकडे परीक्षेचे. डावीकडे पिकलेले करवंद, तर उजवीकडे काळा करंट. डावीकडे शाळेत पेन्सिलीला टोक काढताना येणारा वास, उजवीकडे देवदार. डावीकडे आजोबांच्या चंचीतला तंबाखू, नवी कोल्हापुरी चप्पल, पहिल्या पावसानंतरचे अंगण. उजवीकडे तंबाखू, चामडे, ओली माती. काळा करंट नंतर मी बाजारातून आणून खाल्ला आणि कळले की करवंद त्याच्या जवळचे आहे, पण तेच नाही; करवंदाला चीक असतो. परीक्षकाला आणि गिऱ्हाईकाला समजेल असा शब्द हवाच, तरी स्मृती डाव्या पानावरूनच जागी होते, म्हणून ते पान कधीही कोरे ठेवू नये.

तिन्ही पेले तोंडात घेतले तेव्हा १९९६ चा सप्टेंबर तिघांतही सारखाच होता: घोट टाकताच तोंडाला पाणी सुटत होते, इतक्या वर्षांनंतरही. ती आम्लता थंड रात्रींची. अल्कोहोल घशाला जाणवत नव्हते. तुरटपणात मात्र तिघे वेगळे झाले. पहिल्या पेल्यातला सर्वांत घट्ट, जणू मूठ अजून उघडलेलीच नाही. दुसऱ्यातला मऊ आणि गोलसर. तिसऱ्यातला सरळ, किंचित कडक, पण शेवटी बारीक भुकटीसारखा विरघळणारा. चव किती वेळ टिकते ते मोजायला फ्रेंच लोक ‘कोदाली’ हे एकक वापरतात, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. मी मनात आकडे मोजले आणि पहिला पेला सर्वांत लांब गेला. मी पहिला लास काझ, दुसरा प्वाफेरे आणि तिसरा बार्तों असे लिहिले. पहिला बरोबर आला, उरलेले दोन उलटे होते. त्या दिवसापासून ‘घराची शैली’ हा शब्द मी जरा जपून वापरते.

थुंकण्याविषयी दोन शब्द. आपल्या घरांत चारचौघांत थुंकणे असभ्य समजले जाते, आणि सुरुवातीचा महिनाभर मी संकोचाने घोट गिळत राहिले. सकाळी वीस वाइन चाखायच्या असतील तर चौथ्या-पाचव्यानंतर निर्णय अल्कोहोल करू लागते, आपण नाही. पाण्याने भरलेल्या तोंडाने न्हाणीघरात आठ दिवस सराव केला की बारीक, नेमकी धार जमते. सुरुवातीला पांढरा सदरा घालू नये.

खर्चाची भीती रास्त आहे. १८५५ च्या यादीतल्या जुन्या बाटल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतात, पण ७५० मिलिलिटरच्या बाटलीत गाळ वगळून चौदा जणांना पुरेसे चाखता येते, आणि चौदा जणांनी वर्गणी काढली की अशक्य वाटणारी बाटली वर्षातून एकदा शक्य होते. एरवी त्याच वर्षाच्या, त्याच भागातल्या साध्या मळ्यांच्या किंवा नामांकित मळ्यांच्या दुय्यम वाइन घ्याव्यात; हवामान त्यांतही तेच असते. गुणांच्या याद्या मात्र चाखण्यापूर्वी वाचू नयेत. दुसऱ्याचा आकडा डोळ्यांसमोर असला की त्या लाल रंगाच्या प्रयोगातलेच आपले होते.

कामाच्या दृष्टीने आपल्याला एक मोठी सोय आहे. नाशिकची वाइन-द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात, बोर्डोची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे हिंडण्याची तयारी असलेल्या माणसाला एका वर्षात दोन हंगाम पाहता येतात. लंडनच्या डब्ल्यूएसईटी (वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या संस्थेच्या परीक्षा भारतातही देता येतात आणि त्यांनी वर्णनाची शिस्त लागते, पण खुडणीच्या टेबलावर कुजके मणी वेचत काढलेला एक महिना मला दोन पातळ्यांच्या प्रमाणपत्रांहून अधिक शिकवून गेला.

तीन बाटल्या चाखल्या त्या संध्याकाळी मी घरी अण्णांना फोन करून तिन्ही पेल्यांविषयी, थंड रात्रींविषयी आणि ऑगस्टच्या पावसाविषयी सविस्तर सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाणी उतरताना पाऊस पडला म्हणतेस, मग बोर्डोच्या फवारण्या किती झाल्या त्यांच्या?” दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वर्गात विचारला. शिक्षिका म्हणाल्या की हे मळ्यांच्या जुन्या नोंदवह्यांत सापडेल, पण त्यासाठी गावात जावे लागेल. शनिवारी मी सें-ज्यूलियांची बस पकडली.