रक्तगटावरून स्वभाव? कोजागरीला घरीच तपासून बघा

भाची जपानी शिकायला लागली आणि एक दिवस घरात येता येता विचारती झाली, "मावशी, तुझा रक्तगट कोणता गं?" बी म्हटल्यावर टाळीच दिली तिने. "तरीच! मनाला येईल तेच करतेस." जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगतात म्हणे. तिच्या हिशेबाने ए म्हणजे नीटनेटके आणि काळजीखोर, ओ दिलदार, एबी म्हणजे दोन डोकी असलेले.

एकतीस वर्षं मी रक्तपेढीत टाइलवर थेंब टाकले. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी, ही गट ओळखायची द्रावणं. गुठळ्या कुठे होतात ते बघायचं आणि वहीत लिहायचं. ए आणि बी यांतला फरक म्हणजे तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला लागलेली एक साखर. तेवढ्यावरून माणूस कपाट आवरेल की नाही हे कसं कळणार? पण नुसतं "थोतांड" म्हणून तरुण मुलं गप्प बसत नाहीत. म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, दूध आटेपर्यंतच्या वेळात, हा खेळ केला. दहा-बारा माणसं, कागद आणि पाकिटं एवढं पुरतं.

आधी प्रत्येकाचा गट लिहून घ्या, पण तोंडी सांगितलेला नको. रक्तदात्याचं कार्ड किंवा लॅबचा रिपोर्ट बघा. आमचे एक काका वर्षानुवर्षं स्वतःला ओ समजून "ओ लोक दिलदार" यावर मान डोलवत होते. कार्डावर ए निघाला. खेळ तिथेच अर्धा जिंकला होता, पण दूध अजून पातळ होतं.

मग एकच मजकूर सगळ्यांसाठी लिहा. आमचा असा होता: "तुम्ही मनमिळाऊ आहात, तरी कधी कधी एकटं राहावंसं वाटतं. वरवर शांत दिसता, आत मात्र काळजी करता. तुमच्यातले काही गुण अजून वापरलेच गेले नाहीत." पाकिटावर ज्याचा त्याचा गट घाला, आत हाच कागद. एकमेकांचे कागद बघू देऊ नका. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण मागा. आमच्याकडे चारच्या खाली फक्त एक निवृत्त बँकवाले गेले, साडेतीन. अर्धा गुण शुद्धलेखनाचा कापला होता. नंतर कागद शेजाऱ्याला वाचायला द्या आणि चेहरे बघा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच केलं होतं. तिथेही सरासरी चारच्या वर गेली.

दुसरा भाग जास्त नेटाने करावा लागतो. चार गटांची चार वर्णनं लिहा, गटाचं नाव न घालता. प्रत्येकाने आपलं वाटेल ते निवडायचं. नुसत्या नशिबाने चारातला एक बरोबर येतो, म्हणजे बारा जणांत सरासरी तीन. इथे दोन ठिकाणी फसगत होते. ज्यांना ही वर्णनं आधीच पाठ आहेत ते आपलं ओळखून उचलतात. भाचीला म्हणून मी दूध ढवळायला बसवलं. आणि आपल्याकडे बी आणि ओ गटांची माणसं भरपूर. बीचं वर्णन जरा गोड झालं की सगळे तेच उचलतात आणि सिद्धान्त खरा ठरल्यासारखा वाटतो. चारही वर्णनं सारखीच गोड आणि सारखीच तिखट हवीत. माझा पहिला मसुदा याच कारणाने फाडला.

दूध पिताना गप्पांना इतिहास पुरवा. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ मध्ये गट मांडले, त्यावरून रक्त कुणाचं कुणाला चालतं ते कळू लागलं. स्वभावाची जोड १९२७ मध्ये जपानमध्ये ताकेजी फुरुकावा यांनी दिली आणि १९७१ मध्ये मासाहिको नोमी यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. २०११ मध्ये तिथल्या एका मंत्र्याने, र्‍यू मात्सुमोतो यांनी, उद्धट बोलण्याचं खापर आपल्या बी गटावर फोडलं, खुर्ची गेलीच. बी म्हणजे हेकट असेल तर अर्धी सदाशिव पेठ बी निघेल, असं भाची म्हणाली. यावर मी वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र खेळावारी नेऊ नका. लग्नाच्या स्थळात "दोघांचा गट एकच" म्हणून नकार देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात काही अर्थ नाही. बायकोचा गट आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर तेवढं गरोदरपणात डॉक्टरांना लवकर सांगा, अँटी-डीचं इंजेक्शन असतं.

हिंजवडीच्या ऑफिसात जपानी पाहुण्याने गट विचारला तर बिनधास्त सांगा. आपण रास विचारतो तसंच ते. भाचीही अजून विचारते, फक्त हल्ली आधी कार्ड मागते.