मंगल कार्यालयातला प्रकाश आणि कॅमेऱ्याची सेटिंग्ज

लग्नाच्या छायाचित्रणात नव्याने उतरणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : सेटिंग काय ठेवायचे? साहाय्यक म्हणून काम करू लागलो तेव्हा मीही ज्येष्ठांना हेच विचारत असे. आता माझे ठाम मत आहे की, प्रकाश कोणत्या दिशेने येतो, किती येतो आणि कोणत्या रंगाचा आहे हे आधी पाहावे. आकडे त्यावरूनच ठरतात. त्यासाठी मुहूर्ताच्या तासभर आधी कार्यालयात पोहोचावे, वधूवर जिथे उभे राहणार तिथे साहाय्यकाला उभे करावे आणि त्याच्या डोळ्यांखाली सावली किती गडद पडते ते नीट निरखावे.

आपल्याकडच्या कार्यालयांत प्रकाशाची सरमिसळ फार. छताला पांढऱ्या ट्यूब, स्टेजवर पिवळे दिवे, खिडकीतून दिवसाचा उजेड आणि समोरून व्हिडिओवाल्यांचा एलईडी पॅनेल. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, तर पिवळे दिवे 3000 केल्विनच्या आसपासचे असतात. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट येतो, आणि हा दोष नंतर संगणकावर सहजी निघत नाही. शक्य असेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्यावा किंवा त्या बाजूचे दिवे बंद करायला सांगावे. हळदीला तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्रातले रंग जुळवणारे सेटिंग, ऑटोवर ठेवूच नये. साडी पिवळी, झेंडूच्या माळा पिवळ्या, मागचे कापडही पिवळे, त्यामुळे कॅमेरा तो पिवळेपणा कमी करायला जातो आणि हळदीचा रंगच फिका पडतो. केल्विनचा आकडा स्वतः ठरवावा, तो विधी संपेपर्यंत बदलू नये आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात घ्यावी.

सर्वांत जास्त तयारी लागते ती मंगलाष्टकांच्या वेळी. अंतरपाट बहुधा पांढरा असतो आणि तो चौकटीत मोठ्या प्रमाणावर आला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्याला करडे करू पाहतो, त्यामुळे चेहरे काळवंडतात. शिवाय चेहऱ्यांच्या इतक्या जवळ धरलेले ते कापड स्वतःच रिफ्लेक्टरचे, म्हणजे उजेड परत फेकणाऱ्या पडद्याचे, काम करत असते. ते दूर होताच चेहऱ्यावरचा थोडा उजेड जातो. म्हणून इथे सगळे आकडे स्वतः ठरवायचा मॅन्युअल मोडच वापरावा आणि अंतरपाट नसताना, त्याच जागी, चेहऱ्यावरून एक्स्पोजर (चित्रासाठी घ्यायच्या उजेडाचे प्रमाण) आधीच ठरवून ठेवावे. 'शुभमंगल सावधान'चा शेवटचा गजर झाला की अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात आणि अक्षतांचा वर्षाव होतो. त्या गडबडीत डायल फिरवायला उसंत नसते.

अक्षता हवेत ठळक गोठवायच्या तर शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान हवे. मात्र आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे अनेक साध्या ट्यूब व एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, आणि वेगवान शटरला चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. चाचणीत पट्टे दिसले तर 1/100 वर यावे. अक्षतांच्या रेघा येतील, पण चेहरे स्वच्छ राहतील, आणि मला स्वतःला त्या रेघा आवडतातही. कॅमेऱ्यात दिव्यांच्या या कमीजास्त होण्याशी जुळवून घेणारी अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती सुरू करून पुन्हा चाचणी घ्यावी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, 3200 पर्यंत नेण्याची भीती बाळगू नये. थोडे दाणेदार छायाचित्र घरचे लोक जपून ठेवतात. हललेल्या चेहऱ्याचे नाही.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, फार मोठे उघडण्याचा मोह मात्र आवरावा. एफचा आकडा जितका लहान तितके हे छिद्र मोठे. फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 85 मिमीची लेन्स एफ/1.8 वर ठेवून दोन मीटरवरून टिपल्यास फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम सहा सेंटीमीटर मिळते. वधूच्या एकटीच्या पोर्ट्रेटला ती पुरते, कारण जवळच्या डोळ्यावर फोकस घेतला की नथ आणि मुंडावळ्याही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. नवरदेव अर्धे पाऊल मागे उभा असेल तर एफ/4 हवे, आणि आजी-आजोबांसह तीन रांगांचा कुटुंबाचा फोटो असेल तर एफ/8.

फ्लॅश वापरायचा तर पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर आपटवून वापरावा. छताला लाल-गुलाबी कापड लावलेले असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो, तेव्हा छोटा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) बाजूने लावणे बरे. होमाच्या वेळी मी फ्लॅश बंदच ठेवतो, कारण ज्वाळेची ऊब चेहऱ्यांवर दिसायला हवी आणि धूर मागच्या उजेडात खुलतो. व्हिडिओवाल्यांशी आधीच बोलून त्यांचा पॅनेल समोरून काढून 45 अंशांवर घ्यायला सांगावे. बहुतेक जण आनंदाने ऐकतात, कारण त्यांचेही चित्र सुधारते.