कंपनीत काम करता? मग स्वतःची डायरी ठेवा

गारमेंट असो नाहीतर पॅकिंग लाईन, मोबाईल बऱ्याच ठिकाणी गेटवरच जमा करून घेतात, त्यामुळे फोटोच्या भरवशावर राहू नका, दहा-वीस रुपयांची छोटी वही घ्या आणि ती घरीच ठेवा, कंपनीत नेऊ नका.

रोज झोपायच्या आधी दोन ओळी खरडा, तारीख टाकून. गेटमधून आत कधी, बाहेर कधी, टार्गेट किती, पीस किती झाले, जेवणाची सुट्टी खरंच मिळाली की लाईन चालूच होती. "खूप त्रास झाला" लिहून उपयोग नाही बरं का, "दुपारी ३ ला बाथरूमला जायचं म्हटलं, सुपरवायझर म्हणाला आधी बंडल संपव" असं लिहा, शब्द जसेच्या तसे, कोण बाजूला होतं तेही.

ओव्हरटाइमचे तास वेगळ्या पानावर लिहा. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की कायद्याने दुप्पट दर आहे, तो पगाराच्या स्लिपमध्ये दिसतो का ते दर महिन्याला टॅली करा. स्लिपचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा म्हणजे फोन हरवला तरी राहतो. पीएफ कापतात पण भरतात का, हे १२ अंकी यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) टाकून पीएफच्या ऑनलाइन पासबुकात बघा.

लिहिता येत नसेल तर व्हॉइस नोट करा, आधी तारीख बोला. मैत्रिणीचं नाव लिहायच्या आधी मात्र तिला विचारा, नोकरी तिचीही आहे. आणि नुसती गाऱ्हाणी कशाला, डब्यात कोण काय आणतं, मशीनवर कुठली गाणी गुणगुणता, तेही येऊ द्या.