उलटा त्रिकोण आणि वारली माणूस

माझ्या बालवाडीच्या भिंतीवर आकारांचा छापील तक्ता आहे. त्यावरचा त्रिकोण कायम टोक वर करून बसलेला. पोरांना तो तोंडपाठ. एकदा मी पुठ्ठ्याचा त्रिकोण टोक खाली करून धरला, तर चार वर्षांचा एक पठ्ठ्या ओरडला, "बाई, तो पडला!" शेजारची म्हणाली, हा त्रिकोण नाहीच, आइस्क्रीमचा कोन आहे. चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याचा लगेच पतंग होतो.

तेव्हापासून आकारांसाठी मी वारली चित्र घेते. वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण: वरचा टोक खाली करून, खालचा टोक वर करून, कमरेत टोकाला टोक भिडलेलं. सुलटा आणि उलटा एकाच अंगात. वेगळं समजवावं लागत नाही.

सुरुवात मात्र कागदावर करू नका. पाच-सहा मीटर सुतळी घ्या, टोकांना गाठ मारून वेढा करा. तीन मुलांनी आत उभं राहून तो कमरेशी ताणून धरायचा, झाला त्रिकोण. मग चौथ्याला आत बोलवा. "आता काय झालं?" सगळ्यांना हात लावून कोपरे मोजू द्या. गोल करायला दहा-बारा जण लागतात, आणि तरी तो पुरता गोल होत नाही. माझ्याकडे दरवेळी कुणीतरी मागे ओढतंच. जमिनीवर खडूने हेच आकार काढून त्यावरून चालवा. त्रिकोणावर तीनदा वळावं लागतं, चौकोनावर चारदा, गोलावर कोपरा असा येतच नाही, सारखं थोडं थोडं वळत राहायचं. पायांना कळलेलं हात विसरत नाही.

शब्दांचं म्हणाल तर लाडूही गोल आणि भाकरीही गोल, हा आपल्या भाषेतला घोळ आहे. मी भाकरी धरते. 'वर्तुळ', 'चौरस', 'आयत' हे शब्द माझ्या तोंडी असतात, मुलांनी चौकोन म्हटलं तरी टोकत नाही.

आता सामान. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद चालतो, चारी कोपरे चिकटपट्टीने टेबलाला लावा, नाहीतर ओला झाला की गुंडाळतो. हौस असेल तर ड्रॉइंग पेपरवर गेरूत थोडा फेविकॉल घालून हात मारा आणि रात्रभर वाळवा. नुसता गेरू लावलात तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे गणवेश लाल.

पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. पीठ बारीक चाळणीने चाळायचं. चार मोठे चमचे पिठाला अर्धा चमचा फेविकॉल, पाणी तीन चमच्यांपासून सुरू करून बेताबेताने. घावनाच्या पिठापेक्षा दाट हवं. पहिल्या वर्षी मी पातळ केलं आणि चौदा कागदांवर चौदा तळी झाली. आणखी एक: हे पीठ ओलं असताना फिकट दिसतं, वाळल्यावर पांढरंशुभ्र उठतं. मुलांना वाटतं, उमटलंच नाही, मग ती त्यावरच गिरवत बसतात. म्हणून आधी एक रेघ स्वतः काढून वाळवून दाखवा, चित्र त्यानंतर.

पारंपरिक वारली चित्राला बांबूची काडी चावून तिची कुंचली करतात. मुलांना चावायला देऊ नका. मी काडीचं टोक बत्त्याने ठेचते. त्याहून लहानांना कापूसकाडी. आणि तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून त्रिकोण काढून घेण्याचा हट्ट नको. गोल त्या वयात जमतो, चौकोन चारच्या पुढे, तिरकी रेघ सगळ्यांत अवघड, त्यामुळे त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. तोवर बटाट्याचा त्रिकोणी ठसा कापून द्या. ठशाचा फायदा असा की तो हातात फिरतो. एक ठसा टोक खाली, त्याच्याखाली दुसरा टोक वर. बाटलीचं लहान झाकण बुडवून डोकं. हातपाय नुसत्या रेघा.

इथे चूक ठरलेली: दोन त्रिकोणांमध्ये बोटभर फट राहते. आमच्या मदतनीस मावशी जव्हारकडच्या, वारल्यांच्या मुलखातल्या. त्या पाहून म्हणाल्या, "बाई, कंबर जुळवा, माणूस मोडला की." आता मी कंबरेच्या जागी आधीच एक टिंब देते. दोन्ही टोकं त्या टिंबावर.

चौरसाचं काम दुसऱ्या दिवशी, सगळ्यांचं मिळून एका मोठ्या कागदावर. वारल्यांच्या लग्नघरी सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी लग्नचित्र, लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि भोवती नक्षीच्या किनारी. मी मुलांना देवी काढायला लावत नाही, ते त्यांच्या लग्नातलं आहे. आम्ही फक्त चौकट घेतो, किनारीला त्रिकोणांची रांग लावतो आणि आत डोंगर, झाड, झोपडी, सूर्य. ठशांची रांग लावताना एकीने शोधून काढलं की दोन सुलट्या त्रिकोणांमध्ये एक उलटा आपोआप तयार होतो. तो तिथे कुणी काढलेला नव्हता. त्या दिवशी बाकीचं सगळं तसंच ठेवून आम्ही फक्त तेच करत बसलो.

मोठ्या मुलांना हे कुठून आलं तेही सांगते: पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे, ज्यांनी भिंतीवरचं हे चित्र कागदावर आणून जगभर नेलं, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना पद्मश्रीचं काही नसतं. मिठाईचा बॉक्स मिळाला का, एवढंच विचारतात.

रंगीत स्केचपेन त्या दोन दिवसांत कपाटात. रंग आला की लक्ष रंगात जातं, आकार मागे पडतो. पालक कुरकुरतात, कुरकुरू द्या.

वाळलेली चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, पण एकच पिन मारून, म्हणजे फिरवता येतात. माणूस उलटा केला तरी अंग तसंच्या तसं दिसतं, फक्त डोकं खाली जातं. "बाई, तो पडला" म्हणणारा पठ्ठ्या परवा आपलं चित्र फिरवून मला सांगत होता, "हा शीर्षासन करतोय. त्रिकोण दोन्ही आहेत, मी मोजले."