पाळी गेल्यानंतरची धडधड आणि घाबरेपणा: कुठून सुरुवात करायची, काय काय करायचं

तीन वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी मी कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभी होते. हातात ओटीची पिशवी, पुढं-मागं बायकांची गर्दी. अचानक छातीतून गळ्याकडं वाफ चढल्यासारखी झाली, कान तापले, काळीज धडधडायला लागलं आणि वाटलं, आता आपण इथंच कोसळणार. रांग सोडली, भवानी मंडपाकडं बाहेर पडले आणि सावलीत खाली बसले. शेजारी गजरे विकणाऱ्या मावशींनी पाण्याची बाटली पुढं केली. ‘जीव घाबरा झाला व्हय? बसा हितं निवांत.’

त्यानंतर सहा महिने मी देवळात गेले नाही. मग महाद्वार रोडला जाणं सुटलं, मग केएमटीच्या बसमध्ये बसणं. पाळी बंद होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आधी ज्या दवाखान्यात गेले तिथं ‘वय झालं, देवाधर्मात मन रमवा’ असं सांगून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तो सल्ला मला अजून सलतो. म्हणूनच मला उशिरा कळलेलं सगळं तुमच्यासाठी क्रमानं लिहिते आहे.

आधी एवढं समजून घ्या

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडं हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर. पाळी गेली म्हणजे त्रास संपला, असं आपल्या आयांनी सांगितलेलं असतं. पण गरम वाफा, झोपमोड, चिडचिड, घाबरेपणा हे पुढं काही वर्षं राहू शकतं.

बीजकोशातून (अंडाशयातून) येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. अंगाचं तापमान थोडंसं वाढलं तरी तो ‘फार उकडतंय’ असा हुकूम सोडतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, ठोके वाढतात. मन शांत ठेवणाऱ्या सेरोटोनिनवरही इस्ट्रोजेनचा परिणाम असतो, त्यामुळं सोसण्याची ताकदच थोडी उणी झालेली असते. यातली कळीची गोष्ट अशी, की बऱ्याचदा धडधड आधी येते आणि काळजी मागून येते. काळीज धडधडलं की मन कारण शोधायला लागतं. पोराचा फोन का आला नाही, गॅस चालू राहिला का, मला हार्टॲटॅक तर येत नाही ना. मी कारण म्हणून गर्दीला धरलं आणि घरात बसले.

ज्यांची गर्भपिशवी काढलेली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधून एक गोष्ट बघावी: बीजकोश ठेवले होते की तेही काढले? दोन्ही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि त्रासही जास्त होतो. ठेवले असतील तर पाळीची खूणच नसल्यामुळं ती कधी आली हे कळत नाही. अशा बाईला पंचेचाळिशीनंतर वाफा यायला लागल्या तर तिनं हे ध्यानात घ्यावं. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जावं.

पहिलं काम: दिनदर्शिकेवर लिहा

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका घ्या, जिच्यावर आपण दुधाचा हिशेब लिहितो आणि एके काळी पाळीची तारीख बारीक टिंब देऊन ठेवत होतो. तीन आठवडे तिच्यावरच लिहायचं: किती वाजता झालं, अंगात काय झालं, मनात काय आलं, त्याआधी तासाभरात काय खाल्लं-प्यायलं, रात्री झोप किती झाली. वेगळी वही करू नका. ती कपाटात राहते आणि चौथ्या दिवशी विसरते.

माझ्या पानावर बाराव्या दिवशी मला जे दिसलं त्यानं मी थक्क झाले. दुपारी चार-सव्वाचार, पुन्हा चार, पुन्हा साडेचार. घरात कुणी नसताना, गर्दीचा पत्ता नसताना, कडक चहाचा दुसरा कप झाल्यावर. आणि पहाटे तीन, ज्या रात्री जेवणात झणझणीत तांबडा रस्सा होता त्या रात्री. सगळ्या वेळा चहा-रश्श्याशी जुळल्या असं नाही, पण निम्म्याच्या वर जुळल्या. तुमचं कारण वेगळं असेल: बंद खोली, नायलॉनची साडी, उपाशी पोट, नाही तर कुणाचं टोचून बोलणं.

दुसरं काम: ‘वयामुळं होतंय’ म्हणण्याआधी तपासून घ्या

थायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागली तरी धडधड, घाम, घाबरेपणा येतो. रक्त कमी असलं तरी येतो. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), साखर, बी-१२, रक्तदाब आणि एक ईसीजी एवढं डॉक्टरांना विचारून करून घ्या. खासगीत परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. दिनदर्शिकेचं पान फाडून किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून सोबत न्या. ‘लै कसंतरी होतंय’ याला डॉक्टरांकडं औषध नसतं. ‘तीन आठवड्यांत एकोणीस वेळा, त्यातल्या सात रात्री’ असं सांगितलं की ते मान वर करून ऐकतात. हा माझा अनुभव आहे.

काही गोष्टींत मात्र लिहीत बसायचं नाही. छातीत दाब, जबड्यात-पाठीत-हातात कळ, नेहमीची कामं करताना दम लागणं, थंड घाम आणि मळमळ, यातलं काही झालं तर लगेच १०८ ला फोन करा. रजोनिवृत्तीनंतर हृदयविकाराचा धोका वाढतो आणि बायकांमध्ये तो नुसता दम किंवा थकवा होऊनही येतो. दुसरी गोष्ट, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून थेंबभर जरी लाल गेलं, तरी आठवड्याच्या आत दाखवा. ‘उष्णतेनं झालं असेल’ म्हणून आपल्या बायका महिने काढतात, आणि त्यात गर्भाशयाच्या कर्करोगाचं निदान लांबतं.

तिसरं काम: वाफ आली त्या क्षणी

बहुतेक वाफा एक ते पाच मिनिटांत ओसरतात. तेवढी मिनिटं काढायची आहेत. गॅस बंद करा, बसा, दोन्ही तळपाय फरशीला टेकवा. पदर सैल करा, मनगटांवर आणि मानेवर गार पाणी लावा. नाकानं चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, कारण त्यानंच ठोके खाली येतात. छाती फुगवून जोरजोरात श्वास घेऊ नका, त्यानं उलट चक्कर येते. मनात एकच वाक्य: ‘वाफ आहे, जाणार आहे.’ रोज सकाळी शांत असताना पाच मिनिटं याचा सराव करून ठेवला तरच घाईच्या वेळी ते आठवतं.

चौथं काम: जे सोडलंय तिथं परत जा

मला सगळ्यात जास्त फरक यानं पडला, म्हणून यावर थोडं सविस्तर.

घाबरून एखादी जागा टाळली की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. ते सुटणंच घात करतं, कारण मनाला पटतं की धोका होता आणि पळालो म्हणून वाचलो. मग टाळायच्या जागा वाढत जातात. समुपदेशक बाईंनी मला कागदावर पायऱ्या काढायला लावल्या, सगळ्यात सोपी खाली, सगळ्यात अवघड वर. माझ्या अशा होत्या: मंगळवार-शुक्रवार सोडून दुपारी भवानी मंडपाच्या कमानीपाशी दहा मिनिटं उभं राहणं. मग महाद्वारापर्यंत चालत जाऊन बाहेरूनच हात जोडणं. मग कमी गर्दीच्या वेळी देवळाच्या आवारात जाऊन बसणं. मग गरुड मंडप. मग रांग, सोबत जाऊबाई. मग रांग, एकटीनं. सगळ्यात वर शुक्रवारची रांग.

नियम तीनच. एका पायरीवर घाबरं झालं तरी तिथंच थांबायचं, ते निम्म्यानं उतरेपर्यंत. तीच पायरी तीन-चार वेळा करायची आणि कंटाळा यायला लागला की वरची. घाई करून दोन पायऱ्या एकदम चढायच्या नाहीत. कमानीपाशी पहिल्या दिवशी माझे तळहात ओले झाले होते. पाचव्या दिवशी मी तिथं उभी राहून बांगड्यांचे भाव विचारत होते. शुक्रवारच्या रांगेला अकरा आठवडे लागले. तुमची जागा एसटी स्टँड असेल, लग्नाचा हॉल असेल, बँकेची ओळ असेल. पायऱ्या अशाच काढायच्या.

पाचवं काम: दिवसाची घडी

चहा बंद करा असं मी म्हणणार नाही. दुपारनंतरचा सोडा, सकाळचा राहू दे. रस्सा, मिसळ, कांदा-लसूण चटणी दुपारच्या जेवणात खा, रात्री साधं जेवा. सुती गाऊन, सुती पलंगपोस, उशाशी गार पाण्याचा तांब्या. रात्री जाग आली तर मोबाईल हातात घेऊ नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा.

चालायला आपल्याकडं जागांची वाण नाही. रंकाळ्याचा काठ आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. कोल्हापुरी चप्पल घालून नको. टाच आणि गुडघा धरतो, बूट घ्या. आणि नुसतं चालून हाडं-स्नायू भागत नाहीत. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दहा वेळा ढकला, असं हळूहळू वाढवत न्या.

इस्ट्रोजेन गेलं की हाडं भराभर विरळ होतात. रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे असतं, कपभर म्हशीच्या दुधात सव्वादोनशेच्या पुढं. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही आपली जुनी हौस खरी, पण या वयात उकळलेलंच प्या. खुब्याचं किंवा मनगटाचं हाड किरकोळ पडण्यानं मोडलं असेल, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी डॉक्टरांना विचारा.

सहावं काम: औषधाला घाबरू नका, पण मनानं घेऊ नका

हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती भीती मुख्यतः २००२ साली थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं आणि बाकी प्रकृती ठीक असेल, तर तीव्र वाफांवर याइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, यकृताचा आजार असं झालेलं असेल तर ते चालत नाही. गर्भाशय जागेवर असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतं. ज्यांना हार्मोन घेता येत नाहीत त्यांच्यासाठी काही नैराश्यविरोधी गोळ्या वाफा आणि घाबरेपणा दोन्ही कमी करतात. त्या मानसोपचारतज्ज्ञांनी दिल्या म्हणजे आपण वेड्या ठरत नाही.

झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या आपण आणू नका. त्यांची सवय लागते आणि एकदम बंद केल्या की घाबरेपणा उलट वाढू शकतो. मला सोडायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन महिने गेले.

खालच्या अंगाचा कोरडेपणा, जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग, हे दवाखान्यात आपण सांगतच नाही. यावर त्याच जागी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. ते फार कमी प्रमाणात रक्तात जातं आणि गुण चांगला येतो. बाई डॉक्टर शोधा, पण सांगा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कामात लक्ष नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरला फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

सातवं: घरात सांगा, आणि नेमकं सांगा

‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं की घरचे एक तर घाबरतात नाही तर दुर्लक्ष करतात. काय करायचं हे त्यांना कळत नाही. म्हणून बरं असताना, रात्रीच्या जेवणानंतर सांगून ठेवा. मी सांगितलं ते असं: ‘अहो, मला धडधडायला लागलं की मी हात वर करीन. दवाखान्यात न्यायचं नाही, काय झालं म्हणून विचारायचं नाही. फॅन लावायचा आणि दहा मिनिटं जवळ बसायचं. छातीत दाब, दम किंवा थंड घाम असं म्हटलं तर मात्र लगेच १०८ ला फोन करायचा.’ सुनेलाही तेच सांगितलं, मुलाला तिनं सांगितलं.

परवा संध्याकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि वाफ आली. मी हात वर केला. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला, आधी दुधाखालचा गॅस बंद केला, फॅनचं बटण दाबलं आणि शेजारची खुर्ची ओढून गप्प बसले. चार मिनिटांनी मी उठले आणि भिंतीवरच्या पानावर वेळ लिहिली.